पांढऱ्या चादरीचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळवला तो असा : छायाचित्रकलेत उजेड वळवण्यासाठी वापरलेली घरगुती साधने. तो वाचून चालकांपैकी एक गृहस्थ मुद्दाम कचेरीत आले आणि म्हणाले, "आपण विषय बदललात वाटते." मी म्हणालो, "नाही, विषय तोच आहे." तो कसा तोच आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम माझ्या अधिकाराविषयी. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. मी छायाचित्रकार नाही. या विषयाकडे मी वळलो तो एका अपघातामुळे, आणि तो अपघात आधी सांगितल्यावाचून पुढचे बोलणे नीट कळणार नाही.

गोष्ट १९९६ सालची. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात एका कामगाराची तीन बोटे रुळांत सापडली आणि गेली. रुळांच्या तोंडाशी जी संरक्षक जाळी असावयास हवी, ती तेथे नव्हती. मालकाचे म्हणणे असे, की जाळी होती, कामगारानेच ती त्या दिवशी काढली. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याप्रमाणे दावा लावावयाचा होता, आणि नवी जाळी बसण्यापूर्वी छायाचित्र मिळणे जरूर होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही आमच्या गावातल्या एका वयस्क फोटोग्राफरला आत नेले. शेड अंधारी, एका बाजूला दोन खिडक्या, यंत्राची कामाची बाजू नेमकी सावलीत. मी म्हणालो, "फ्लॅश मारा." त्यांनी मान हलवली. "लोखंड तेलकट आहे. उजेड गेला तसाच परत येईल, आणि चित्रात पांढरा डाग तेवढा उमटेल." मग त्यांनी विचारले, "पांढरे कापड आहे का कुणाचे?"

एका म्हाताऱ्या कामगाराचे धुतलेले धोतर दोरीवर वाळत होते. दोघांनी ते खिडकीसमोर ताणून धरले. खिडकीतून आलेले ऊन धोतरावर पडले आणि तेथून वळून यंत्राच्या काळ्या बाजूवर गेले. इतका वेळ जे नुसते काळे होते त्याला आकार आला. फोटोग्राफरने वाकून पाहिले आणि म्हणाले, "जाळीच्या बोल्टांची भोके दिसताहेत, पण भोकांच्या आत उजेड पोचत नाही." त्यावर एका बाईने आपल्या जेवणाच्या डब्याचे झाकण पुढे केले. त्या झाकणाने तिने कवडसा धरला तो बरोबर भोकावर. आणि आम्हांला दिसले, की भोके गंजलेली आहेत आणि कापसाच्या तुसाने गच्च भरलेली आहेत. काल-परवा काढलेल्या बोल्टांची भोके अशी नसतात. जाळी कित्येक महिने तेथे नव्हती, हे त्या तुसाने सांगितले. नुकसानभरपाई मिळाली. बोटे अर्थातच मिळाली नाहीत.

एक धोतर आणि एक झाकण यांनी जे काम केले, त्याचा मागचा इतिहास काय असावा, या कुतूहलाने मी वाचू लागलो. तो इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि तो बऱ्याच अंशी नावे नसलेल्या माणसांचा आहे.

आधी त्यातले शास्त्र थोडक्यात सांगतो. उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहा. सूर्य डोक्यावर असला की कपाळ आणि नाक उजळते, पण डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग काळवंडतो. आपल्या डोळ्यांना ही तफावत फारशी जाणवत नाही. उजेड आणि सावली यांतले पुष्कळ अंतर आपला डोळा एकदम सामावून घेतो. छायाचित्राच्या काचेला किंवा फिल्मला तेवढे सामावून घेता येत नाही. उजळ भाग नीट यावा म्हणून बेत केला की सावलीचा भाग काळाठिक्कर होतो. यावर उपाय दोन : सावलीच्या बाजूला दुसरा दिवा आणणे, किंवा आहे त्याच उजेडातला वाया जाणारा भाग परत फिरवणे. दुसरा उपाय गरिबाचा. जमिनीवर आणि भिंतीवर सांडणारा उजेड चादरीने गोळा करून चेहऱ्याकडे वळवावयाचा.

यातही भेद आहे. आरसा उजेड एकाच दिशेला, जशाचा तसा फेकतो. लहानपणी आपण सर्वांनी आरशाने समोरच्या घरात कवडसे पाडले आहेत आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत. तो उजेड प्रखर, त्याची सावली धारदार. पांढरी चादर उजेड सर्व दिशांना पसरते, म्हणून तो मऊ लागतो, आणि चादर जितकी मोठी व जितकी जवळ तितका अधिक मऊ. चुरगळून पुन्हा पसरलेला चंदेरी कागद या दोहोंच्या मधला. तो म्हणजे शेकडो लहान आरसे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले. आणि काळे कापड उजेड गिळते. एवढे चार नियम कळले की अर्धी विद्या झाली.

छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. त्या वेळी चित्र उमटावयास मिनिटेच्या मिनिटे लागत, आणि इतका वेळ माणसाने निश्चल बसावयाचे म्हणजे शिक्षाच. उजेड वाढवणे हा पहिला प्रश्न होता. १८४० साली अलेक्झांडर वॉलकॉट याने न्यूयॉर्कमध्ये व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ काढला, तेव्हा त्याने खिडकीबाहेर मोठे आरसे बसवून रस्त्यावरचे ऊन आत घेतले, आणि बसणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून ते मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून गाळून घेतले. माणसांच्या छायाचित्रणाचा धंदा जगात सुरू झाला तो असा आरशाच्या आधाराने.

पण उजेड वळवण्याची ही युक्ती छायाचित्राहून जुनी आहे, आणि ती कष्टकऱ्यांची आहे. युरोपातल्या लेस विणणाऱ्या बाया आणि जोडे शिवणारे कारागीर रात्री मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवीत. त्या गोळ्यामुळे मेणबत्तीचा उजेड एकवटून नेमका सुईच्या टोकावर पडे. एकाच मेणबत्तीभोवती असे अनेक गोळे मांडून अनेक बाया काम करीत. एक मेणबत्ती वाचली की तेवढीच मजुरी वाचली, हा त्यामागचा हिशेब. उजेडाला किंमत असते, हे ज्याला उजेड विकत घ्यावा लागतो त्याला आधी कळते.

आता उलट बाजूचे एक उदाहरण पाहू. जेकब रीस हा डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला बातमीदार. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत एकेका अंधाऱ्या खोलीत डझनावारी माणसे कशी झोपतात हे तो लिहीत असे, पण वाचणाऱ्यांचा विश्वास बसत नसे. १८८७ च्या सुमारास जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पेटणारी पूड निघाल्याची बातमी त्याने वाचली आणि तो रात्री त्या खोल्यांत शिरू लागला. प्रारंभी ती पूड पिस्तुलासारख्या यंत्रातून उडवीत. मध्यरात्री दारात पिस्तूल घेतलेली माणसे पाहून लोक भयाने पळत सुटले. मग रीसने पिस्तूल टाकले आणि स्वयंपाकघरातला दांड्याचा तवा घेतला. तव्यात पूड ठेवून तो ती पेटवी. या नादात त्याने दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावून घेतली, हे त्यानेच पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. १८९० साली त्याचे पुस्तक निघाले आणि शहर हादरले. पोलीस ठाण्यांतल्या निराधारांच्या गलिच्छ खोल्या १८९६ साली बंद झाल्या, त्यात त्याच्या चित्रांचा आणि लेखांचा मोठा वाटा होता.

रीसविषयी मला आदर आहे. परंतु त्याची चित्रे नीट पाहा. झोपेतून दचकून उठलेली माणसे, डोळे दिपलेले, चेहऱ्यावर भय. तो उजेड त्यांना विचारून आलेला नव्हता. आमच्या शेडमध्ये धोतर धरले होते ते कामगारांनी स्वतःच, स्वतःच्या दाव्यासाठी. मला या दोन उजेडांत फरक वाटतो. लुईस हाईन याने १९०८ पासून अमेरिकेतल्या बालमजुरांची छायाचित्रे काढली, तीही पुष्कळदा अशाच पुडीच्या झगझगाटात आणि वेषांतर करून. पण तो मुलांशी बोले, त्यांची नावे व वये टिपून घेई, आणि मूल आपल्या कोटाच्या कितव्या गुंडीपर्यंत पोचते ते पाहून उंचीचा अंदाज बांधी. ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याचे नाव विचारणे, हीदेखील उजेड पाडण्याचीच एक रीत आहे.

आता आपल्याकडे वळतो. धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव येथे कुणाला सांगावयास नको. १९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. हे चित्र दादरला घरीच तयार झाले. विजेच्या दिव्यांचा खर्च परवडणारा नव्हता. सारी भिस्त सूर्यावर. आणि आपल्या दुपारच्या सूर्याचा गुण मी मघाशीच सांगितला : डोळ्यांच्या जागी दोन काळी भोके.

त्यात आणखी एक अडचण होती. त्या काळची फिल्म निळ्या उजेडाला जागी आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी असे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीतून परत येणाऱ्या उजेडात तांबडा-पिवळा भाग अधिक. तो त्या फिल्मला दिसतच नसे, म्हणून आपले चेहरे होते त्याहून काळे उमटत आणि सावलीतला भाग तर नाहीसाच होई. तेव्हा पांढऱ्या चादरीने सावलीत उजेड भरणे ही आपल्याकडे चैन नव्हती, ती गरज होती.

मग ही चादर धरली कुणी? फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी. भर उन्हात तासन् तास पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत. चादर धरणे हे वाटते तितके सोपे काम नाही. वारा आला की ती फुगते, हात खाली आला की चेहऱ्यावरचा उजेड हलतो, आणि सूर्य सरकतो तसे आपणही सरकावे लागते. शिवाय चादरीवरचे ऊन धरणाऱ्याच्या डोळ्यांतही जातेच. हे सारे करून सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडणे, रसायने कालवणे, रात्री फिल्म धुणे हीही त्यांची कामे. धंद्यासाठी त्यांचे दागिने आधीच गेले होते. तारामतीचे काम करावयास बाई मिळेना तेव्हा फाळक्यांनी त्यांनाच विचारले, आणि त्यांनी नकार दिला. मग इतकी कामे कुणी करावयाची? शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. तेथे त्यांना महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले असे सांगतात. साळुंक्यांच्या पगाराचा आकडा आपल्याला ठाऊक आहे. सरस्वतीबाईंच्या पगाराचा आकडा नाही, कारण पगारच नव्हता.

मी फाळक्यांना दोष देत नाही. तो माणूस स्वतः कर्जात बुडून काम करीत होता. परंतु भारतीय चित्रपटाच्या पहिल्या चेहऱ्यांवर जो उजेड पडला तो एका घरच्या चादरीवरून आणि एका घरधनिणीच्या हातांतून आला, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हते. ते मला चाळिशीनंतर कळले.

पुढे चित्रपटाचा धंदा वाढला, स्टुडिओंत मोठे दिवे आले, तरी चादर गेली नाही. उलट तिने एक मोठी करामत करून दाखवली. सत्यजित राय यांचा 'अपराजितो' हा चित्रपट १९५६ सालचा. त्यात काशीचे एक घर आहे, मधे चौक आणि भोवती खोल्या. आपल्या जुन्या वाड्यांत जे वाढले असतील त्यांना चौकातला उजेड ठाऊक आहे : वरून आभाळाचा येतो, भिंतींवरून झिरपतो, त्याला जवळजवळ सावलीच नसते. हे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावयाचे ठरले, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी विरोध केला. असा उजेड स्टुडिओच्या दिव्यांनी येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे चालले नाही. मग त्यांनी सेटच्या डोक्यावर पांढरे कापड ताणले आणि खालून दिवे त्या कापडावर सोडले. कापडावरून वळून खाली आलेला उजेड आभाळाचा वाटला. मित्र तेव्हा पंचविशीत होते आणि 'पथेर पांचाली'पूर्वी त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा हातात धरलेला नव्हता. १९५७ साली व्हेनिसला या चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

तीनच वर्षांनी, १९५९ साली, गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' आला. त्यात अंधाऱ्या स्टुडिओत वरून उतरणारा उन्हाचा एक जाड झोत आहे. तो पाहिलेला माणूस विसरत नाही. व्ही. के. मूर्ती यांनी तो दोन मोठ्या आरशांनी साधला : एका आरशाने बाहेरचे ऊन पकडावयाचे, ते आतल्या दुसऱ्यावर टाकावयाचे आणि तेथून खाली सोडावयाचे. म्हणजे आपण लहानपणी करीत होतो तोच कवडशांचा खेळ. फाळक्यांच्या नावाचे पारितोषिक १९६९ पासून देण्यात येऊ लागले. मूर्तींना ते २००८ सालासाठी मिळाले. ज्यांची ओळख छायालेखक हीच, अशा माणसाला ते मिळावयास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. आणि आरसे उचलणाऱ्यांना? त्यांच्यासाठी पारितोषिक नाही, आणि बहुधा नसावेही. त्यांना हवे असते ते वेळेवर वेतन.

त्यासाठी त्यांना संघटना कराव्या लागल्या. मुंबईत चित्रपट व्यवसायातल्या निरनिराळ्या कामगार-संघटनांचा महासंघ १९५६ साली, म्हणजे 'अपराजितो'च्याच वर्षी उभा राहिला. १९८१ साली संसदेने सिने-कामगारांसाठी कायदा केला आणि लेखी करारावाचून कामावर घेण्यास मनाई केली. सरस्वतीबाईंच्या चादरीपासून त्या करारापर्यंत जवळजवळ सत्तर वर्षे गेली. उन्हात चंदेरी फळ्या आणि थर्माकोलचे तक्ते धरून उभी असलेली पोरे आपण चित्रीकरणाच्या जागी पाहतो आणि नट कुठे आहे हे शोधतो. पुढच्या वेळी क्षणभर त्या पोरांकडेही पाहावे, एवढीच विनंती.

हे सारे ऐकून घरी गेल्यावर आपण एक प्रयोग करून पाहावा. खर्च शून्य. घरातल्या आजीला खिडकीजवळ बसवा, ऊन थेट अंगावर येणार नाही असे. एक गाल उजळ, दुसरा अंधारा दिसेल. आता अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा धुतलेले धोतर हातभर अंतरावर धरा. सुरकुत्या मऊ होतील, डोळ्यांत तेज येईल. परात धरून पाहा. पितळेच्या परातीने चेहऱ्यावर पिवळसर झाक येईल, स्टीलच्या ताटाने उजेड टोकदार होईल. रंगीत चादर मात्र घेऊ नका, तिचा रंग चेहऱ्यावर उतरतो. हिरव्या चादरीने आजी आजारी दिसू लागेल आणि घरात वाद होईल. आणि चित्र निघाल्यावर त्याच्या मागे तारीख घालाल तेव्हा चादर कुणी धरली होती तेही लिहा.

आता शेवटचे. मघाच्या गोष्टीतली एक बाब मी मागे ठेवली आहे. दाव्याचे कागद तयार करताना मी मोठ्या उत्साहाने सर्वांची नावे लिहू लागलो. धोतर धरणारे दोघे गप्प राहिले. डब्याचे झाकण धरणारी बाई म्हणाली, "माझं नाव नका घालू, दादा. उद्या मला गेटावरच अडवतील." मी नावे घातली नाहीत. आजही या व्यासपीठावरून मी ती घेत नाही, कारण ती घेण्याचा अधिकार मला त्यांनी दिलेला नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या देशातल्या कित्येक जुन्या छायाचित्रांत बसणाऱ्याच्या मागे पडद्यासारखी चादर धरलेली असते, आणि कडेला ती धरणाऱ्यांची बोटे दिसतात. चेहरा दिसत नाही, नाव नसते. अशा बोटांचा विचार करताना मला वाटते, की माणूस दोन कारणांनी निनावी राहतो. एक आपल्या विसराळूपणामुळे. सरस्वतीबाईंचे तसे झाले, आणि ते आपण आज इथे बसल्या बसल्या दुरुस्त करू शकतो. दुसरे भयामुळे. त्या झाकणवाल्या बाईचे तसे झाले, आणि ते व्याख्यानाने दुरुस्त होत नाही. त्यासाठी गेटावर अडवली जाणार नाही अशी नोकरी लागते, आणि ती एकट्यादुकट्याला मिळत नाही.

म्हणूनच मी चालकांना म्हणालो होतो, की मी विषय बदललेला नाही.